अप्पांच्या दारातली फरसबंदी

अप्पा गेल्याचं मला कुंपणाच्या भिंतीवरून कळलं. सकाळी मी अंगणात दाढी करत बसलो होतो. वहिनींनी भिंतीपलीकडून डोकं वर काढलं आणि दूध नासल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं." अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी उभा राहिलो. आणि खोटं कशाला लिहू... मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. आता आपल्या चुका काढायला कोणी उरलं नाही, असं वाटलं आणि बरं वाटलं.

पाच आठवड्यांनी शाळेत शोकसभा झाली. चार वक्ते बोलले आणि चौघांनीही अप्पांच्या दारातल्या फरसबंदीचा गौरव केला. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस साठाव्या वर्षी हातात घण घेतो, रस्त्यापासून ओट्यापर्यंत दगड बसवतो, केवढी ही श्रमाची आवड! एक जण तर म्हणाला की अप्पांपुढे नतमस्तक व्हायचं असेल तर पनवेलकरांनी त्या दगडांकडे पाहावं. मला बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा चांगला होता. पण त्या फरसबंदीबद्दल मला जे ठाऊक आहे ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितो आहे.

अप्पा माझे चुलतभाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. आमची घरं शेजारी शेजारी, मधे कमरेइतकी भिंत. तीस वर्षं त्यांनी कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले आणि त्यातून त्यांची अशी समजूत झाली की जगच आपल्या शेऱ्यासाठी समोर ठेवलेलं आहे. लग्नाची पत्रिका आली की तिच्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून ते ती परत पाठवीत. लग्नाला जात नसत, पण पत्रिका परत जाई. आंबेवाल्याला कलम कसं करावं ते सांगत, डॉक्टरला नाडी कुठे बघावी ते सांगत. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मला त्यांनी एकदा माझ्याच वर्गात येऊन, मुलांदेखत, नारळाचं झाड कसं काढावं ते दाखवलं. त्यांनी काढलेलं झाड केरसुणीसारखं दिसत होतं. मुलं हसली, आणि अप्पांना वाटलं ती मला हसताहेत.

फरसबंदीचं निमित्त झालं त्यांच्या जावयाचं. मुलगी मुंबईला दिलेली, जावयाकडे मोटार. आमच्या घरांपुढचा रस्ता वर्षानुवर्षं खडी पडून उंच झाला होता आणि घरं खालीच राहिली होती. पावसाळ्यात रस्ता ते ओटा हे साठ-सत्तर फूट नुसती काळ्या मातीची राड. एका श्रावणात जावयाने मोटार रस्त्यावर ठेवली, बूट हातात घेतले आणि चिखलातून येत येत म्हणाला, "अप्पा, पुढच्या वेळी होडी पाठवा." सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. त्या वाक्याने त्यांची झोप उडाली म्हणतात, मी तर म्हणेन की त्यांच्या सबंध आयुष्यात दुसऱ्याचं एवढं एकच वाक्य त्यांच्या कानात शिरलं.

माघात त्यांनी धर्माला बोलावलं. धर्मा पळस्प्याच्या अलीकडच्या एका गावचा गवंडी. आमच्या भागातल्या निम्म्या विहिरींचे कठडे त्याच्या हातचे. दगडावर हातोडीची मागची बाजू ठोकून तो कान देऊन ऐकायचा आणि मगच दगड घ्यायचा. तो दार ते रस्ता दोनदा चालला, उकिडवा बसला, मूठभर माती चोळून पाहिली. मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होतो.

"अप्पा, दीड हात खनावं लागंल," तो म्हणाला. "काली माती हाय, पावसात फुगंल. खाली मुरूम, त्याच्यावं धुमस मारून दाबू, मंग रेती न् मंग दगड. आन् ओट्याच्या म्होरं आडवा नाला काडू. रस्ता उंच हाय, पानी घराकडंच येनार."

"नाला?" अप्पा ओरडले. "माझ्या दारात गटार? जावयाने गटार ओलांडून घरात यायचं?"

"नाय तं पानी ओलांडून येतील," धर्मा म्हणाला.

मला हसू आवरलं नाही आणि अप्पांनी ते पाहिलं. त्या क्षणी नाला कायमचा रद्द झाला. खणायचंही नाही, वरची माती खरवडायची, चार बोटं रेती टाकायची आणि दगड बसवायचे, अक्षय तृतीयेच्या आत. धर्माने हत्यारं गोळा केली. "आसं काम मी नाय करत. दुसरा गडी बगा," असं म्हणून तो निघालाही. तेव्हा अप्पांनी त्याला थांबवलं. शाळेच्या नव्या इमारतीच्या समितीचे ते अध्यक्ष होते. "शाळेचं सगळं दगडकाम तुला देतो," ते म्हणाले, "पण हे मी सांगतो तसं कर." घरात चार मुली होत्या धर्माच्या. मग त्याने हत्यारं खाली ठेवली.

अक्षय तृतीयेला मोटार थेट ओट्यापर्यंत आली. जावई "वा!" म्हणाला. त्या एका "वा"वर अप्पा पुढचे चार महिने जगले. कोणीही आला की त्याला फाटकातून आत आणायचं आणि दगडांवरून चालवून बाहेर काढायचं. भाजी विकायला आलेल्या बाईलाही त्यांनी टोपलीसकट दोन फेऱ्या मारायला लावल्याचं मी पाहिलं आहे.

भाद्रपदात, तीन दिवस पाऊस लागलेला असताना, जावई गणपतीसाठी आला. मोटार निम्म्यावर आली आणि उजवं चाक खचलं. पुढचे दगड वेड्यावाकड्या दातांसारखे वर आले. खालची माती फुगलेली होती, आणि रस्त्यावरचं सगळं पाणी त्या उतारावरून, अडवायला काहीच नसल्यामुळे, ओटा चढून आत शिरलं. वहिनींनी गणपती पाटासकट उचलून छातीशी धरला. मी आणि माझी बायको घमेल्यांनी पाणी उपसत होतो. जावई गुडघ्याएवढ्या चिखलात चाकाखाली फळी सारत होता. आणि अप्पा? अप्पा बाकावर उभे राहून आम्हाला घमेलं कसं धरावं ते सांगत होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "धर्मानं सांगितलं होतं." त्यावर अप्पा म्हणाले, "तू गप्प बस." त्या बिचाऱ्या पुढे कित्येक वर्षं त्या विषयावर गप्पच बसल्या.

पंधरा दिवसांनी समितीची बैठक झाली. दगडकामाचा विषय निघताच अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या धर्माचं नाव काढू नका. मला त्याने फसवलं आहे. खाली मुरूम घातलाच नाही. माझ्या घरात असं करतो, मुलांच्या शाळेत काय करील?" आम्ही पाच जण होतो. तिघांना खरं ठाऊक नव्हतं. अप्पांना होतं. आणि मला होतं. बैठकीचा वृत्तांत मी लिहीत असे. माझी नोकरी त्या समितीच्या मर्जीवर होती, बायकोला दिवस गेलेले होते... कारणं मोजायला बसलो तर अजून चार सापडतील. मी लिहिलं, "सदर काम धर्मा यास देऊ नये असे सर्वानुमते ठरले." अक्षर माझं सुंदर आहे. "सर्वानुमते" हा शब्द फारच छान आला होता.

पनवेल लहान गाव. शाळेने नाकारलेल्या गवंड्याला कोणी ओटासुद्धा बांधायला दिला नाही. धर्मा खाणीवर रस्त्याची खडी फोडायला गेला. दोन वर्षांनी कळलं की कपची उडून त्याचा डावा डोळा गेला.

इकडे अप्पांच्या दारात दुसरा कोणताही गवंडी पाय ठेवीना. तेव्हा त्यांनी स्वतःच काम हाती घेतलं. शोकसभेत जिची आरती झाली ती ही श्रमाची आवड. दोन उन्हाळे लागले. मी भिंतीला टेकून, अगदी मनापासून, मजा बघत असे. धोतराचा काचा मारलेला तो जाडा माणूस घामाने निथळत एकेक दगड उपटून कडेला रचत होता. मग त्याने खणायला घेतलं. मी सहज काठी घालून पाहिली, दीड हात. मग मुरूम आला. मग धुमस आली, दर थराला पाणी शिंपून अप्पा ती मारू लागले. वर रेती. आणि शेवटी ओट्यापुढे आडवा नाला. धर्माचा शब्द न् शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता. नाल्याला मात्र ते "ड्रेनेज" म्हणत. पुढच्या पावसात पाण्याचा थेंब आत आला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कपाळावर बोट ठेवून सांगत, "हे सगळं इथून निघालं."

एकदा मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हणालो, "अप्पा, धर्मा हेच सांगत होता."

त्यांनी पाणसळ दगडावर ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधे आल्याची खात्री केली आणि वर न पाहता विचारलं, "कोण धर्मा?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागलो. त्यांना ते जाणवलंही नसावं. एवढे दगड उचलणाऱ्या माणसाला एक शब्द उचलता आला नाही, याची मला शिसारी येई. आणि त्यांची शिसारी आली की निदान तेवढा वेळ स्वतःची येत नसे, ही सोय होती.

यंदा उन्हाळ्यात त्यांना जलोदर झाला. पाय सुजले, चालणं सुटलं. एके दिवशी वहिनींनी मला हाक मारली. अप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते. म्हणाले, "फाटकाजवळचे दोन दगड वर आलेत. धर्माला घेऊन ये." नावासकट, जणू काल संध्याकाळीच तो काम आटपून गेला होता. मला वाटलं, शेवटी का होईना... मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने गेलो. धर्मा खाणीवर नव्हता, घरी होता. केस पांढरे, डावी पापणी मिटलेली. "अप्पांनी बोलवलंय," एवढं ऐकून त्याने काही न विचारता सदरा चढवला.

फाटकातून आत येताच तो उकिडवा बसला आणि मान वळवून उजव्या डोळ्याने सगळा उतार न्याहाळला. वहिनींनी पाणी दिलं. अर्धं तो प्यायला, उरलेलं दगडांवर ओतलं आणि नाल्यात जाईपर्यंत बघत राहिला.

"कोनी केलं?"

"मी," अप्पा म्हणाले.

"खनलं किती?"

"दीड हात."

"धुमस?"

"मारली. तीन थरांत."

जन्मभर सगळ्यांना प्रश्न विचारणारे अप्पा शाळेतल्या पोरासारखी उत्तरं देत होते. धर्माने मान हलवली. "बराबर हाय." मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलले... आणि ते म्हणाले, "ते दोन दगड तेवढे बसवून दे."

धर्मा उठला. "ह्ये काम माजं नाय, अप्पा. तुमचं हाय. तुमीच बसवा." आवाज चढवला नाही, हात जोडले आणि निघाला. अप्पा फाटकाजवळच्या त्या दोन दगडांकडे बघत राहिले.

मी धर्माला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून त्याने विचारलं, "मास्तर, शालेच्या त्या मीटिंगला तुमी व्हता नं?"

"होतो."

"बरं," तो म्हणाला आणि आत जाऊन बसला. मी काहीतरी बोलेन म्हणून त्याने खिडकीतून थोडा वेळ वाटही पाहिली असेल. गाडी सुटेपर्यंत मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनी देवळातून आल्या तर खुर्ची रिकामी. अप्पा ओट्यावरून घसरत, बसत बसत फाटकापर्यंत गेले होते. मांडीजवळ हातोडी होती, हाताला रेती लागली होती. दोनांतला एक दगड त्यांनी बसवला होता, दुसऱ्याला नुसता हात टेकवून धापा टाकत होते. वहिनी, मी आणि माझी बायको, आम्ही तिघांनी उचलून आत आणलं. नवव्या दिवशी ते गेले.

तो दुसरा दगड अजून वर आहे. वहिनी कोणाला तो बसवू देत नाहीत. पोस्टमन एकदा ठेचकाळला, आता सवयीने पाय उचलून येतो. परवा वहिनी घरात नसताना मी अप्पांची पाणसळ आणून त्यांनी बसवलेल्या दगडावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला गेला. दगड तिरपा बसला आहे. "अप्पा, चुकलात," मी मोठ्याने म्हणालो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने उत्तराची वाट पाहत तिथेच उकिडवा बसून राहिलो.