हातावरची सूज

ऐंशीच्या दशकात मी पारोळ्याजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. कुष्ठरोग्यांना गोळ्या द्यायचो, पण पुडी टेबलावर ठेवून, लांबूनच.

तिथे एक संशोधक बाई यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. जंतू ओळखून लढा सुरू करणाऱ्या टी पेशींच्या अभ्यासात त्यांची उमर गेली होती. हातावर कुष्ठरोगाच्या मेलेल्या जंतूंची सुई द्यायची आणि चार आठवड्यांनी तिथली सूज मोजायची, हे त्यांचं काम. मोजपट्टी लावण्याआधी त्या डोळे मिटून बोटाने सुजेची कड चाचपायच्या.

एकदा एक अक्का आजारी नवऱ्याला घेऊन आली. सुई दोघांनाही महिन्यापूर्वी दिलेली होती. अक्काने हात पदराखाली लपवला होता, सुजेवर हळदीचा लेप. आपल्यालाही रोग लागला असं समजून तिने नातवाला जवळसुद्धा घेतलं नव्हतं.

बाई हसल्याच. "अक्का, ही सूज चांगली. तुमच्या अंगाने जंतू ओळखला. घ्या नातवाला खुशाल."

मग नवऱ्याच्या हातावरून त्यांचं बोट बराच वेळ फिरलं. सूज नव्हतीच.

"यांच्या अंगाला तो जंतू परका वाटतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "गोळ्या मात्र सोडू नका."

अक्का नवऱ्याकडे बघत म्हणाली, "यास्ना सभावच तसा शे, बाई. यास्नी कधी कोनलेच परकं मानं नही."

बाईंनी एका हाताने वहीत शून्य लिहिलं. दुसऱ्या हातातला त्याचा हात सोडला नाही.

त्या दिवशी पुडी मी त्याच्या तळहातावर ठेवली.