खोळ टाकलेला मारुती

आमच्या गावचा मारुती मारुती नाही, हे मी भर पारावर, अख्ख्या गावासमोर बोलून मोकळी झाले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं नाही.

लातूरच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. गाव रेणापूरकडचं. एप्रिलात गुरवमामांचा फोन आला, "बाई, देवानं खोळ टाकली! लवकर या." पिढ्यान्‌पिढ्या चढवलेला शेंदूर उन्हानं तडकला होता आणि सगळा थर एकदम खाली आला होता. आत काय दिसतंय ते गावाला कळेना, म्हणून चित्रकलेची बाई हवी होती.

आई माझ्याकडेच राहते, तीही निघाली. आमच्याकडे मारुतीच्या चौथऱ्यावर बाईनं चढायचं नाही. खालून हात जोडायचे, तेल असलं तर एखाद्या पुरुषाच्या हाती द्यायचं. माझा धाकटा भाऊ लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा वडील बाहेरगावी होते. आई तेलाची वाटी घेऊन पायरीशी उभी राहिली. सुगीचे दिवस, सगळे पुरुष रानात, तासन्‌तास कुणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. देवापर्यंत तेल पोचलं नाही म्हणून गेला, असं आईनं मनात धरलंय ते आजतागायत. मी किती समजावलं, किती भांडले, काही उपयोग नाही.

चौथऱ्याभोवती ही गर्दी! मी खालूनच पाहिलं. सिंहाचं धड, बटाट्याएवढे डोळे, वर वळलेली शेपटी, पंजाखाली चिमुकला हत्ती. अगं बाई, हा तर व्याल! जुन्या देवळांच्या दाराशी, खांबांवर राखणीला कोरतात तो, जगात कुठंच नसलेला प्राणी. शिवारातल्या पडक्या महादेवाच्या देवळातून कधीतरी कुणीतरी उचलून आणला असणार. शेपटी वर, पायाखाली कुणीतरी चिरडलेलं. शेंदराखालून मारुतीच वाटणार की! हे सगळं मी तिथल्या तिथं बोलून टाकलं.

"म्हंजे देव न्हाई ह्यो?" सरपंचांनी विचारलं.

"देव नाही. देवाच्या दाराचा राखणदार."

एक म्हातारेबुवा मटकन खाली बसले. "आन् आमचे नवस वो?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आई पायऱ्या चढली. अडवायचं कुणाला सुचलंच नाही. तिनं त्या दगडी जबड्यावर तळहात ठेवला, गावाकडं वळली आणि म्हणाली, "मारुती न्हवता, तर मला खाली कशापायी उभं केलं? माझं लेकरू..."



गुरवमामांनी तोवर नवा शेंदूर कालवायला घेतला होता. "गावासाठी ह्यो मारुतीच हाय," ते खाली बघतच म्हणाले. "म्हातारीला खाली घ्या आधी." लोक माना डोलवायला लागले. सगळं कळून, डोळ्यांनी बघून, तरी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना चार शब्द सुनावायलाच मी तोंड उघडलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, उतर खाली."

आई माझ्याकडं बघत बघत उतरली.