दिवा लागलेला दिसत होता

जुलै २००६, शनिवार, दुपारचे चार. हजर: देवासच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी, लॅब सांभाळणारे मिश्रा भिया — इकडे भैयाला भियाच म्हणतात — आणि पलीकडे, धारच्या एका सायबर कॅफेत, सारिका. तिच्या लेखी मात्र मी गैरहजर होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरीसुद्धा नाही.

क्रमाने सांगते, मला तसंच जमतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवायची. विद्यार्थ्यांच्या मनाच्या अडचणी इंटरनेटवरून ऐकायच्या, असं आम्ही काही शिक्षकांनी ठरवलं. थोडं प्रशिक्षणही घेतलं. सारिका माझ्या वाट्याला आली. निसरपूरच्या एका मराठी मास्तरांची मुलगी. गाव धरणाच्या बुडितात जाणार म्हणून धारच्या हॉस्टेलात ठेवलेली. झोप नाही, वर्गात जाववत नाही. दर शनिवारी इंग्रजी अक्षरांत, अर्धी हिंदी मिसळून मराठी लिहायची. मी तिला आमच्या जिल्ह्यातल्या उदयनगरच्या जंगलातलं सांगायची — तोडलेल्या सागाच्या खुंटाला धुमारे कसे फुटतात, कुणाच्या सावलीत कुठलं रोप तगतं. ती हसायची. म्हणजे — हसल्याची खूण पाठवायची. त्या खुणेची मला सवय लागली होती, हेही सांगून टाकते.

मग एकदा तिने लिहिलं, "मॅडम, मी देवासला येऊ का? दोन दिन बस. तुमच्या घरी."

का घाबरले मी? घरात जागा होती. मी लिहिलं — उदयनगरला जंगलाला कुंपण घातलं, काही वर्षं कुणी हात लावला नाही, आणि ते आपलं आपण उठलं. आपणही थोडे दिवस बोलणं थांबवू. तू सावरशील.

"पण मॅडम, कुंपणाच्या आत मी अकेलीच ना?"

मी कॉम्प्युटर बंद केला.

जे जंगल उठलं, त्याची मुळं जमिनीत शाबूत होती. जिथे खुंटच उपटून नेलेले असतात, तिथे नुसत्या कुंपणाने काही होत नाही; रोपं न्यावी लागतात, उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. वर्गात मी दोन्ही शिकवायची. तिला अर्धंच सांगितलं — जिचं गावच उपटलं जात होतं, तिला.

आणि हेही सगळं नाही. पुढच्या शनिवारी, म्हणजे सुरुवातीला सांगितला त्या, मी पुन्हा येऊन बसले — आपण आहोत हे पलीकडे दिसू नये अशी सोय असते, ती लावून. चारला पडद्यावर तिच्या नावापुढचा हिरवा दिवा लागला. "मॅडम?" मग — "आप हो ना?" मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. मागून मिश्रा भिया म्हणाले, "क्या मैडम, काँटा डाल के बैठी हो कब से! मछली फँसी नहीं?"

मी हसले. हसले मी.

नंतरच्या शनिवारीही तसंच. ती यायची, मी बघायची. नुसतं तिचं असणं मला हवं होतं का — फुकटात? मग एका शनिवारी दिवा लागलाच नाही. आम्हा शिक्षकांच्या बैठकीत मी सांगितलं: मुलगी सावरली, जंगलाचा धडा माणसालाही लागू पडतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे ते उदाहरण मी ठिकठिकाणी दिलं.

शनिवारी चारला मी आजही दुसरं काम काढत नाही. कुठल्याही पडद्यावर हिरवा ठिपका दिसला की आधी नाव वाचते.

धारला जायचं. हॉस्टेलात तिच्या घरच्यांचा नवा पत्ता विचारायचा. उरलेलं अर्धं तिला समोर बसून सांगायचं. देवासहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. ते काम राहिलं आहे.