विश्वाच्या जन्मातली काल्पनिक संख्या

आता कोणत्या तोंडानं सांगू तुमाले! चहा घ्या आधी, हसायचं मंग पाहू.

मी अमरावतीले कॉलेजात फिजिक्स शिकवतो अन् संगं पीएचडी करून राहिलो. विषय? विश्वाचा जन्म! त्या वेळी सगळीकडं बारीक तरंग उठले, अन् त्यातूनच पुढं आकाशगंगा झाल्या. ते तरंग केवढे होते, हे क्वांटम क्षेत्र सिद्धांतानं काढायचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

एका दुपारी उत्तर निघालं. अन् उत्तरात चक्क वजा एकचं वर्गमूळ! काल्पनिक संख्या! असं उत्तर जगात कोणालेच आलं नव्हतं. शहाणा माणूस काय करते? गणित तपासते. मी काय केलं? बार्शीटाकळीच्या मामाले फोन लावला!

"मामा, लय नवीन काहीतरी सापडलं. पण कोणाले सांगू नका."

"छ्या! मी काहून सांगू बे?"

संध्याकाळपर्यंत अर्ध्या जिल्ह्यानं अभिनंदन केलं. कोणी म्हणे मी नवा ग्रह शोधला, कोणी म्हणे पृथ्वी कधी बुडते ते मले समजलं. एका काकूंनं तं पोरीच्या लग्नाचा मुहूर्त इचारला!

मंग ठरला रविवारी अकोल्यात सत्कार. मले थांबवता आलं नसतं का? आलं असतं! पण मी कोटाले इस्त्री करून राहिलो होतो.

सभागृह गच्च भरलं. शाल, नारळ, हार. मामानं माईकवर ठोकून दिलं, "आमच्या भाच्यानं विश्वाचं कोडं सोडवलं!" मी असा फुगलो, की तरंग समजावून सांगत फळ्यावर अख्खं उत्तरच लिहून काढलं. टाळ्याच टाळ्या!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई उठल्या. रिटायर होऊन जमाना झाला. क्वांटम हा शब्द त्यांनी निमंत्रणपत्रिकेतच पहिल्यांदा वाचला असन.

"काय रे, हे तरंग मोजता येतात नं?"

"हो बाई, मोजतात नं."

"मंग मोजमापात काल्पनिक संख्या कशी आली? तुझी उंची मोजली तं काल्पनिक सेंटिमीटर निघतीन का?"

सगळे खो-खो हसले. मी फळ्याकडं वळलो. अन् मले चूक दिसली हो!

कणांच्या टकरीचं गणित करताना सुरुवात अन् शेवट, दोन्ही ठाऊक आहेत असं धरतात. विश्वाच्या बाबतीत शेवट धरायचाच नसते. सुरुवातीपासून पाहिजे त्या क्षणापर्यंत यायचं, अन् गणितात पुन्हा मागं फिरून सुरुवातीलेच पोचायचं. तवा कुठं मोजता येणारी, खरी सरासरी हाती येते; नाही तं काल्पनिक संख्या घुसते. मी टकरीची रीत जशीच्या तशी उचलली होती. अख्खं प्रकरण पाण्यात!

"बाई, चुकलं माझं," मी पुटपुटलो. माईक चालूच होता.

मामा घाबरून कानाशी आले. "चुकलं म्हंजे? विश्व जन्मलंच नाही का बे?"

"जन्मलं मामा. मीच मेलो."

बाहेर येऊन, गळ्यात हार तसाच, पुण्याच्या गाइड सरांना फोन केला. रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? ही चूक सगळेच करतात."

माझा जीव भांड्यात पडला. "खरंच, सर?"

"हो रे. पहिल्या आठवड्यात."

मी चार वर्षं घेतली होती. अन् वरून सत्कारही करून घेतला!