हौद : कोरडा व वापराबाहेर

नाव : श्रीमती महानंदा मल्लिनाथ हलगे. जन्म : बहात्तरचा दुष्काळ, महिना माहीत नाही. शिक्षण : सातवी. पद : कॅन धुणारी, रोजंदारी, तात्पुरती. तात्पुरतेपणाची मुदत : एकोणीस वर्षे, पुढे चालू. विशेष कौशल्य : नाही. ताब्यातील वस्तू : ब्रश दोन, बादल्या तीन, हौद एक.

घाटनांदूरपासून दोन कोसांवर आमचे गाव आहे. तिथल्या दूध संस्थेच्या कर्मचारी-पुस्तकात ही नोंद आजही वाचायला मिळते. नोंद करणाऱ्याचा काही दोष नाही. कौशल्याचा रकाना छापील होता आणि त्यात काहीतरी लिहिणे भाग होते.

हौद मात्र खरा. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, दगडी भिंतींचा, वर पत्रा आणि पत्र्यावर निंबाची सावली. संस्था निघाली तेव्हा सकाळचे दूध टेम्पो येईपर्यंत नासू नये म्हणून कॅन या हौदाच्या गार पाण्यात उभे करून ठेवत. कॅन गेले की महानंदा आत उतरून हौद घाशी. रोज अर्धा तास, गुडघ्याच्या वर चार बोटे पाण्यात.

पुढे संस्थेत दूध गार करायचे यंत्र आले, त्याचे उद्घाटन झाले आणि हौद बेकार झाला. महानंदाला आत उतरायचे कारण उरले नाही. वर्षभरात तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, आणि संध्याकाळी चपलेचा अंगठा पायात जाईना. तिने अंबाजोगाईचा दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होता आणि प्रश्न विचारणारा होता. "दिवसभर उभं राहण्याचं काम तर अठरा वर्षं करताय. मग आत्ताच का वाढलं? आधी काय करत होता, जे आता करत नाही?"

"हौदात उतरत होते, घासायला. आता यंत्र आलंय."

डॉक्टरने हौदाची लांबी, पाण्याची उंची आणि गारवा विचारून घेतला आणि मग खुर्ची पुढे ओढली. पायातल्या शिरांना झडपा असतात, त्या सैल पडल्या की वर चढलेले रक्त पुन्हा खाली येते, असे त्याने सांगितले.

"म्हणजे मोटरचा फुटवॉल गेला, चढलेलं पाणी परत विहिरीत," महानंदा म्हणाली.

"अगदी तेच. आणि पोटरी ही मोटर. पाण्यात चाललं की मोटर चालते, आणि बाहेरून पाणी दाबतं. परदेशात लोक यासाठी सुट्टी काढून जातात. त्याला स्पा म्हणतात."

"स्पा?" महानंदाने पुढच्या अक्षराची वाट पाहिली. ते आले नाही.

शिरा जाणार नाहीत, सूज आणि ठणका जाईल, असे डॉक्टरने स्पष्ट सांगितले. पट्टी कशी गुंडाळायची तेही दाखवले : बोटांपासून सुरू करून वर गुडघ्यापर्यंत, वरून खाली कधीच नाही. महानंदा परत आली, दुसऱ्या दिवशी हौद भरला आणि आत उतरली. महिन्याने चपलेचा अंगठा पायात गेला.

गावात ही बातमी चपलेमुळेच पसरली. पहिली आली छबुबाई. ऊसतोडीची बाई, वीस हंगाम केलेली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची. तिच्या घोट्यावर बोट दाबले की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायकोचा पाय बसला की नवऱ्याचेही काम बसते. दसऱ्यानंतर टोळी निघते. त्याआधी पाय उभा राहायला हवा होता.

"अक्का, मी घरी कढत पाण्यात मीठ घालून शेकते की," छबुबाई म्हणाली.

"म्हणूनच सुजलाय. कढत पाणी चहाला ठेव."

महानंदाची पद्धत ठरून गेली. आधी बाहेर एका तांब्यात पाय धुवायचे. तेल नको, साबण नको. पायाला जखम असेल तर हौदात नाही, सरळ अंबाजोगाईची एस.टी. मग हौदात फेऱ्या. मग काठ धरून चवड्यांवर वर-खाली, पन्नास वेळा. मग पोत्यावर आडवे होऊन पाय पालथ्या घातलेल्या कॅनवर. शेवटी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. पालथा कॅन डॉक्टरने सांगितला नव्हता. ती महानंदाची भर.

मग आले सोळा साल. लातूरला रेल्वेने पाणी गेले तो उन्हाळा. घाटनांदूरलाही रेल्वे थांबते, पण तिच्यातून माणसेच उतरली, तीही तहानलेली. टँकर गावात तिसऱ्या दिवशी येऊ लागला. संस्थेच्या बोअरचे पाणी पिण्याशिवाय कशालाही वापरू नये, असा कागद निघाला आणि तो वाचून दाखवायला चेअरमन बबनराव स्वतः हौदापाशी आले.

"महानंदाबाई, गाव घागरीवर घागरी आपटायलंय, अन् तुमी पाण्यात फेऱ्या मारायल्या. बरं दिसतं का हे?"

"न्हाई दिसत," महानंदा म्हणाली.

बबनरावांनी भांडणाची तयारी केली होती, ती वाया गेली. त्या दुपारी तिने हौद उपसला. सगळे पाणी बादल्यांनी दावणीला आणि निंबाला घातले आणि कोरडा हौद झाडून घेतला.

दहा दिवसांत छबुबाईचा पाय पुन्हा फुगला. ती हौदाच्या काठावर येऊन बसली आणि पाय पुढे केला. महानंदाने तिचा पाय पाहिला, मग हौद पाहिला.

"टँकरचं पाणी नेतीस, त्यातलं भांड्याला न् गुरांना किती जातं?"

"दोन घागरी तर जातेत."

"त्या दोन घागरी आधी इथं ओत. पुढचा टँकर आला की उचलून ने. भांडी तीन दिवसांनी घासली तर रुसतेत का?"

अठरा बाया जमल्या. अठरा दुणे छत्तीस घागरी. पण हौदात त्या नडगीच्या अर्ध्यावरच राहिल्या. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सातवीच्या बरीच आधी येते. महानंदाने भंगारातले फुटके कॅन दगडांनी भरले आणि हौदाची एक बाजू त्यांनी बुजवून टाकली. उरलेल्या गल्लीत पाणी गुडघ्यावर चढले. टँकर आला की जुने पाणी ज्याच्या त्याच्या घरी गुरांना, भांड्यांना आणि सारवायला परत जाई आणि नवे येई. पाणी कुणाचेच कमी होत नव्हते. फक्त तीन दिवस हौदात मुक्काम करून जात होते.

सहकारावर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. भागभांडवल परत मिळालेली ही एकच संस्था मी पाहिली, आणि ती नोंदलेली नव्हती. घागरी कुणाकुणाच्या घरच्या आहेत, याची चौकशी गावाने दोन दिवस केली. तिसऱ्या दिवशी चौकशी करणारी स्वतःच घागर घेऊन आली. तिचेही पाय दुखत होते.

पाय बबनरावांचेही दुखत होते. तीस वर्षे व्यासपीठावर उभे राहून राजकारण केले होते. एका सकाळी त्यांचा ड्रायव्हर विकतच्या पाण्याचे दोन जार घेऊन आला. "अण्णांचा वाटा," म्हणाला.

"पाणी नगं," महानंदा म्हणाली. "पाय धाड म्हणावं. घागर ज्याची त्यानंच आणायची, चालत. चालणं हा निम्मा उपाय हाय."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दहा वाजता बबनराव खांद्यावर घागर घेऊन भर पेठेतून निघाले. धोतर भिजले होते. चहाच्या टपरीवरून शहादेव ओरडला, "अण्णा, नळयोजना चालू झाली व्हय?"

"गप बे!" बबनराव म्हणाले, पण घागर खाली ठेवली नाही. दुसरी आणायला पुन्हा त्याच टपरीवरून जावे लागले, कारण नियम दोन घागरींचा होता आणि महानंदाला अपवाद माहीत नव्हता.

पुरुषांची वेळ दुपारी एकला. बाराव्या फेरीला बबनराव काठाला टेकले.

"बास झालं की, बाई."

"माईकपुढं तीन तास थकत न्हाई तुमी. आठ राहिल्यात."

त्यांनी आठ मारल्या.

मे महिन्यात कुणीतरी वर अर्ज केला : टंचाईच्या काळात संस्थेच्या आवारात पाण्याची उधळपट्टी चालू आहे. तालुक्याहून अहवाल मागवला गेला. अर्ज खरा ठरला तर हौद फोडायचा, असे तोंडी सांगून झाले होते. महानंदाने ऐकले आणि कॅन पालथे घालत राहिली. छबुबाई मात्र म्हणाली, "अक्का, दसऱ्याला पाचच म्हैने हायत."

"म्हैत हाय मला. फेऱ्या मोज."

सचिव रामहरी लिहायला बसला. बबनराव बाहेर ओट्यावरून, धोतराचा सोगा पिळत सांगत होते. "लिही. संस्थेच्या बोअरचा थेंबही वापरात नाही." हे खरेच होते. "संस्थेत कोणताही जलोपचार चालत नाही, तसे कौशल्य असलेला कर्मचारी संस्थेकडे नाही. हौद : कोरडा व वापराबाहेर. सबब, फोडण्याचे कारण नाही." मग ते आत आले आणि सही केली. कागदावर खाली एक ओला डाग पडला, तो रामहरीने बाहीने टिपला. अहवाल मंजूर झाला आणि प्रकरण बंद झाले.

छबुबाई दसऱ्यानंतर टोळीबरोबर गेली, दोन्ही पायांना पट्ट्या बांधून. महानंदाने तिला पट्ट्यांचा एक जादा जोड दिला आणि ट्रक चढताना आधी कोणता पाय टाकायचा ते सांगितले.

अहवालावर सही झाली त्या दिवशी हौदात गुडघ्याच्या वर चार बोटे पाणी होते. त्यातल्या दोन घागरी बबनरावांच्या होत्या.