पाण्याकाठच्या माळावर आम्हाला काय बाधलं

कोयनेच्या पाण्याकाठी, कोयनानगर सोडून थोडं आत गेलं की एका वस्तीखाली मोकळा माळ लागतो. तिथे गाडी उभी करू नये, तिथली म्हातारी माणसाला बाधते, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ती गोष्ट आमच्यापासून सुरू झाली. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि माझा सांगलीकडचा मित्र. गोष्ट खोटी आहे. आम्हाला जे बाधलं ते मीच विकत घेतलं होतं आणि मीच तिथे नेलं होतं. त्या गोष्टीपायी त्या बाईच्या हातचं दूध कोणी घेईना आणि तिची सून पोरीला घेऊन घर सोडून गेली. खरं काय ते मला लवकरच कळलं होतं. तरी मी गप्प बसलो.

कराडला माझं पंप आणि इंजिनांचं दुकान होतं. आता मुलगा बघतो. दुकान सोडल्यावर मी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून आत झोपायची सोय, ओटा आणि छोटा फ्रिज बसवून घेतला. राहिला विजेचा प्रश्न. मित्र माधवनगरला सुताचा व्यापार करायचा. त्याचं म्हणणं, मांडववाल्यासारखा मोठा जनरेटर घे, कशाला कमी पडायला नको. मी त्याला समजावलं. साधा जनरेटर दिवा एक असो नाहीतर दहा, एकाच वेगात बोंबलत राहतो. इन्व्हर्टर जनरेटर भार कमी झाला की स्वतःच मंद होतो, पेट्रोल कमी खातो, आणि त्याची वीज स्वच्छ असते, त्यावर फोन, लॅपटॉप जळत नाहीत. वजन एका माणसाला उचलेल एवढं. आपल्या उपकरणांची बेरीज करायची, हिटर आणि किटली एका वेळी लावायची नाही, मग दोन केव्हीएचा पुरतो. हे सगळं बरोबर होतं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा मित्राने कान लावून पाहिलं. म्हणाला, "गड्या, हे तर माझ्या बायकोपेक्षा हळू बोलतंय."

त्या हळू बोलण्यातच घोळ होता. मांडववाल्याचा जनरेटर माणूस आपणहून लांब ठेवतो, कारण जवळ बसवत नाही. हा जवळ ठेवला तरी त्रास नव्हता, म्हणून मी जवळ ठेवला.

श्रावणात गेलो होतो. तिथे त्या दिवसांत धुकं सकाळी येतं आणि जातच नाही. पाणी कुठे संपतं आणि माळ कुठे सुरू होतो ते कळत नाही. नवीन वस्तू, चोरीला जाऊ नये म्हणून मी जनरेटर गाडीच्या मागच्या हुकाला साखळीने बांधला. वस्तीला आवाजाचा त्रास नको म्हणून त्याच्या धुराड्याचं तोंड वस्तीकडून फिरवून गाडीकडे केलं. आणि झिमझिम लागत होती, म्हणून विहिरीवरच्या इंजिनाला घालतो तसं वरून पोतं घातलं, त्यावर ताडपत्री ओढली. वायर आत घ्यायला मागची खिडकी चार बोटं उघडी ठेवली, बाकी सगळं थंडीमुळे गच्च बंद. आयुष्यभर डिझेलचा काळा धूर पाहिलेला मी. पेट्रोलचा धूर दिसत नव्हता, म्हणून धूर नाही, असं धरून चाललो.

सकाळीच वस्तीवरची बाई चरवीभर दूध घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. दारातून आत पाहत म्हणाली, "आवं पावनं, एवढं कोंडून का बसलाया? हवा तरी येऊ द्या की."

बायको म्हणाली, "गारठा आहे हो, आक्का."

"श्रावणात गारठाच आसतोया. चरवी ऱ्हाऊ द्या, दुपारच्याला न्हेते."

आम्ही दूध तापवून प्यालो, हिटर लावला, दार ओढून घेतलं.

त्यानंतरचा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. कपाळ ठणकायला लागलं. मग गाडीभोवती कोणीतरी फिरतंय असं वाटलं. ओल्या गवतातली पावलं, एकच माणूस, सावकाश, पुन्हा पुन्हा त्याच बाजूने. मी मित्राला विचारलं, ऐकू येतंय का. तो म्हणाला, "पावलं नाहीत ती. आई हाका मारतीय." त्याची आई केव्हाच वारली होती. तो हे घाबरून नव्हे, अगदी सहज म्हणाला, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. बायको पलंगाच्या पायथ्याकडे बघत होती. "त्यांना सांगा ना जरा सरकायला," ती म्हणाली, "माझ्या पायांवर बसल्यात. केस ओले आहेत त्यांचे, पाणी गळतंय."

पायथ्याशी कोणी नव्हतं. मी उठायला गेलो तर पाय माझे नव्हते. आपण इथे पडून राहावं, बरं वाटेल, असा विचार मनात आला. तो फार गोड विचार होता.

मग दार खडखडलं. कोणीतरी बाहेरून जोर लावून ते सरकवलं आणि उघड्या दारात, धुकं पाठीशी घेऊन, ती बाई उभी दिसली. पदर भिजून डोक्याला चिकटलेला. ती काहीतरी ओरडत होती. बायकोने किंकाळी फोडली. मित्र धडपडत बाहेर पडला आणि गवतात ओकला. वारं आत आलं, हळूहळू डोकं ताळ्यावर आलं, आणि ताळ्यावर आल्यावर आम्हाला एवढंच दिसलं की हिचं दूध प्यालो, मग हे झालं आणि शेवटी हीच दारात. ती विचारत होती, "काय झालं? काय झालं ओ तुमास्नी?" आम्ही मशीन गाडीत फेकलं आणि निघालो.

पाटणला चहाला थांबलो तिथे मित्राने गोष्ट सांगितली. तिथे खोऱ्यातली माणसं होती, त्यांनी नेमकी कोणती वस्ती, कोणती बाई, विचारून घेतलं. मित्राने आपल्या आईची हाकही त्यात घातली. मी मान हलवत होतो. इंजिनात आयुष्य घालवलेला माणूस मान हलवतोय म्हटल्यावर लोकांना आणखी काय पुरावा हवा.

थोड्याच दिवसांनी कराडात वीज गेली, तेव्हा मुलगा बाहेर गेला होता आणि मी दुकानात एकटा होतो. जनरेटर मागच्या गोदामात लावला, पाऊस येतो म्हणून मागचं शटर ओढलं आणि पुढे टेबलाशी बसलो. काही वेळाने गोदामात कोणीतरी चालू लागलं. तीच पावलं, तशीच सावकाश. मग बायकोने आतून मला हाक मारली. बायको घरी होती.

मी ती हाक ऐकत बसलो होतो. कपाळ ठणकत होतं. आणि मनात आलं, कोयनेची म्हातारी माझ्या दुकानात कशी येईल? भिंतीला धरून मी रस्त्यावर आलो आणि पायरीवर बसलो. पावलं माझ्यामागे आली नाहीत. आतल्या आतच थांबली.

मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानांत एक चित्र होतं: घर, घरात जनरेटर, त्यावर फुली. असल्या पुस्तिका मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं पिशवीत घालून दिल्या होत्या. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं भ्रमिष्ट करतो आणि मग मारतो. मी हे कोणालाच सांगितलं नाही. मुलगा तेव्हा हीच मशीनं विकायला लागला होता. आणि ज्याला लोक इंजिन डॉक्टर म्हणायचे, त्याने पोतं घालून बायकोला मारायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं, हे तोंडातून निघेना.

त्या बाईचं काय झालं ते मला काही वर्षांनी कळलं. त्या बाजूला मुलाच्या एका गिऱ्हाइकाला पंप बसवून द्यायला गेलो होतो. फाट्यावर दूध मागितलं तर टपरीवाला म्हणाला, "खालच्या वस्तीवरनं आणू नका म्हंजी झालं. करणीवाली हाय ती. कराडच्या पावन्यास्नी मारत हुती." त्या पाहुण्यांपैकी एक त्याच्या समोर उभा होता.

मी वस्तीवर गेलो. तिने ओळखलं. बसायला घोंगडी टाकली, पण पाणी विचारलं नाही. मला वाटतं मी नको म्हणेन याची तिला भीती होती. मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने आपलं सांगितलं. डेअरीवाल्याने दूध बंद केलं होतं, म्हशीचं सगळं दूध रेडकालाच जात होतं. सुनेला बायका पाणवठ्यावर टोचून बोलायच्या, ती मुलीला घेऊन माहेरी, वरच्या गावात, निघून गेली होती. मुलगा पुण्याला कामाला, येणं-जाणं कमी.

शेवटी ती म्हणाली, "मला सांगून काय व्हनार? म्या काय केलं न्हाई ह्ये मला ठावंच हाय. त्यास्नी सांगा."

देवळापुढे माणसं जमवून मी सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बगितलंस? त्यालाबी वळवला तिनं."

कोणीतरी हसलं. मागून एक बाई म्हणाली, "मग ऱ्हावा की तितंच. गाडी आना, तिचं दूध पिऊन दिसभर ऱ्हावा, आन् मग सांगा."

घरी बायकोला पुन्हा तिथे यायला तयार करणं सोपं गेलं नाही. ती म्हणाली, "मशीनचं पटलं मला. पण माझ्या पायांवर बसलेली आक्का नव्हती. आक्काला मी सकाळीच पाहिलं होतं. ती दुसरीच कोणीतरी होती." तरी ती आली. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "गड्या, आता या वयात मला वेड्यात काढू नकोस. आईचा आवाज मला कळत नाही होय?" तो अजूनही ती गोष्ट सांगतो.

पुन्हा श्रावणच निवडला, तसंच धुकं हवं होतं. या वेळी लांब वायर आणली. जनरेटर गाडीपासून बराच लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, उघड्यावर एका फळीवर ठेवला. वर चार काठ्यांवर उंच पत्रा, चारही बाजू मोकळ्या. तोंड गाडीकडेही नाही आणि वस्तीकडेही नाही, पाण्याकडे. गाडीत विषारी वायूचा अलार्म लावला. आक्काने दूध आणलं, आम्ही तिच्यासमोर प्यालो आणि तिलाही आत बसवून घेतलं.

धुक्यात मशीन दिसत नव्हतं, नुसतं गुणगुणत होतं. बायको पलंगाच्या पायथ्याकडे बघत, पाय पोटाशी घेऊन बसली होती. दुपारी तिने माझा हात धरला आणि बाहेर बोट दाखवलं. गाडीभोवती माणसं उभी होती. वीसेक तरी असतील, धुक्यात कमरेपासून वरची तेवढी, हलत नव्हती, बोलत नव्हती. मी अलार्मकडे पाहिलं, तो हिरवाच होता.

"गावातली हायती, वरच्या गावचीबी," आक्का म्हणाली. "तुमी मेलाय का बगाया आल्यात."

आम्ही तिघं खाली उतरलो. मग मी अलार्म काढला, काठीला बांधला आणि सगळ्यांना मशीनपाशी घेऊन गेलो. मशीनवर पोतं घातलं, त्या दिवशीसारखं, आणि काठी पोत्याखाली सरकवली. धूर दिसला नाही. वाससुद्धा फारसा नव्हता. थोड्या वेळाने तो अलार्म असा ओरडायला लागला की पुढची माणसं मागे हटली. पाण्यावरून तो आवाज परत आला, जणू पलीकडेही एक अलार्म होता.

"हे होतं त्या दिवशी गाडीत," काठी बाहेर ओढत मी म्हणालो.

तोच म्हातारा म्हणाला, "मशीन वरडतंय ते खरं. पन ती आली आन् तुमी सावध झालासा, ह्ये कसं?"

"तिने दार उघडलं म्हणून. चरवी न्यायला आली होती. आली नसती तर आम्ही तिघं आत मेलेलो सापडलो असतो, आणि मग तुम्ही कोणाचं नाव घेतलं असतं?"

त्याने पोत्याचं टोक उचलून आत पाहिलं. "आसंल," एवढंच म्हणाला आणि चढ चढून गेला. त्याच्यामागे बरीचशी माणसं गेली. जाताना कोणी आक्काकडे पाहिलं, कोणी नाही. एक बाई मात्र गेली नाही. पोरीचा हात धरून मागे उभी होती. ती सून होती हे मला आक्काच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी मशीन बंद केलं.

"आत्या," सून म्हणाली, "समदं रेडकालाच पाजता काय?"

"मग कुनाला पाजू?"

"आजपासनं धार मी काढते."

"म्हस हुबी ऱ्हायाला पायजे," आक्का म्हणाली. "तुला वळखती का बग आधी."

सुनेने पोरीला माझ्या बायकोजवळ दिलं, पदर खोचला आणि माळाच्या कडेलाच असलेल्या आक्काच्या गोठ्याकडे गेली. धुक्यात लगेच दिसेनाशी झाली. आम्ही कान देऊन उभे होतो. म्हैस एकदा हंबरली, दावं ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आक्का जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने बादलीत पहिली धार वाजली.