लुकसचे दहा मणी

देवाला वेळेवर हजर राहायला लावणारी बाई उभ्या वऱ्हाडात मी एकच पाहिली, आणि ती नेमकी आमची शेजारीण होती. अमरावतीत आमच्या फुलमळ्याला लागून आमचं घर, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं. नवरा जिनिंगमध्ये फिटर होता, तो लवकरच गेला. मागं उरली पाच लेकरं आणि एक जपमाळ. सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणायची. धर्मानं ती कॅथलिक आणि माहेर अकोल्याचं. या दोहोंत तिला अभिमान जास्त कशाचा, हे तिच्या फादरलाही सांगता आलं नसतं. मे महिन्यात आम्ही माठाला टेकून धापा टाकत असायचो, आणि ही भर दुपारी डोक्यावर पदर ओढून अंगणात उभी. "हे काय ऊन हाये? ऊन पाहाचं असन तं अकोल्याले जा!" पाणी गोड अकोल्याचं, तूरडाळ शिजणारी अकोल्याची, देवळाची घंटासुद्धा अकोल्याचीच खणखणीत, इथली म्हणे सर्दी झाल्यासारखी वाजते. मग बाई अमरावतीत कशाला राहिलीस, असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

उन्हं कलली की तिच्याकडे माळ सुरू व्हायची. माळेचे भाग पाच, एकेका भागात मणी दहा, आणि मोठ्या मायला लेकरंही पाच. देवानं माळ आपलं घर पाहूनच ओवली, अशी तिची पक्की समजूत होती. प्रत्येक लेकरानं आपले दहा मणी मोठ्यानं म्हणायचे, बाकीच्यांनी मागून साथ द्यायची. मी दर्यापूरहून नवी नवरी होऊन आले, तेव्हा मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण आमची चूल नेमकी त्या भिंतीशी, त्यामुळे माझ्या भाकरी त्या माळेवरच होऊ लागल्या. थोरली मुलगी इतकी निवांत म्हणायची, की तिच्या दहा मण्यांत माझ्या दोन भाकरी उतरायच्या. मधल्या दोघा मुलांच्या एकेक. चौथीला खोकल्याची सवय, तिची भाकर हमखास करपायची. आणि शेंडेफळ लुकस! बाहेर मैदानात पोट्टे फुटबॉल घेऊन खोळंबलेले, त्यामुळे दर मण्याला मरियामातेचं 'नमो मरिये' म्हटल्यावर पुढचे शब्द तो अर्धेअधिक गिळूनच टाकायचा. त्याचे दहा मणी संपले, तरी माझी भाकर एका अंगानंच शेकलेली असायची. मग रोज न चुकता मोठ्या मायचा आवाज यायचा, "हळू म्हन, बापा. देव का कुठं पळून राहिला?" आणि फाटकापर्यंत पोचलेल्या लुकसचं ठरलेलं उत्तर, "झाले न माय! येक बी मनी नाही सोडला!" जाता जाता आमच्या खिडकीतून हात घालून माझी एक भाकर लंपास. "वयनी, मीठ कमी हाये," असं वरून ऐकवायचा, गुलाम!

पुढं लेकरं पांगली. थोरली नागपूरच्या मठात सिस्टर झाली, मधले दोघं भुसावळला रेल्वेत लागले, चौथी लग्न होऊन अकोल्याला गेली (तिचं नशीब थोर, हे मोठ्या मायनं आम्हाला महिनाभर ऐकवलं). आता मणी कोण म्हणणार? मोठी माय सरळ आमच्या घरी आली आणि माझ्या सासूबाईंना थोरलीचे दहा मणी देऊन गेली. दोघा मुलांचे वीस मणी समोरच्या टांगेवाल्या मामांकडे. चौथीचे तिनं स्वतःकडे ठेवले, खोकल्यासकट. टांगेवाले मामा दर मण्यानंतर घोड्याला करतात तसं चक् चक् करायचे. सासूबाईंना शेवटी 'अंबामाई' म्हटल्याशिवाय मणी पुढं सरकवताच यायचा नाही. त्या ओशाळल्या, तर मोठी माय म्हणाली, "म्हना तुमी खुशाल. दोघी बायाच हायत त्या, घेतीन समजून." एकदा नवे फादर ऐन माळेच्या वेळी आले आणि दारातच थबकले. ही मंडळी कोण, म्हणून त्यांनी हळूच विचारलं. "माह्या लेकरायच्या जागा राखून राहिले," मोठी माय म्हणाली. "तुमी उभे काहून? बसा, साथ द्या." फादर मुकाट्यानं बसले.

मलाही मणी हवे होते. मी मागितले, तर म्हणाली, "तुले नाही. तुही भाकर करपन."

मग लढाई आली आणि लुकस फौजेत भरती झाला. ब्रह्मदेशाकडे गेला, चार पत्रं आली आणि थांबली. त्याचे दहा मणी मात्र तिनं कोणालाच दिले नाहीत. शेवटचा भाग आला की पलीकडे सगळं चिडीचूप व्हायचं. सासूबाई सांगायच्या, ती डोळे मिटून नुसते मणी सरकवते. मी भिंतीअलीकडे तव्याजवळ. आणि खोटं नाही सांगत, ती शांतताही लुकसच्याच वेगानं संपायची. भाकर एका अंगानं शेकली, की पलीकडे पुन्हा आवाज. एके दिवशी सरकारी कागद आला: बेपत्ता. फादर म्हणाले, त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून देवळात प्रार्थना, मिस्सा, करू या. मोठी माय अशी भडकली, की टांगेवाल्या मामांचा घोडा बिचकला. "कागदावर बेपत्ता लिवलं हाये. मेला, असं कुठं लिवलं हाये? दाखवा मले!"

लढाई संपली, गावोगावचे शिपाई परतले, लुकस नाही आला. मोठ्या मायचे गुडघे गेले, नजर गेली. शेवटी भुसावळचे दोघं तिला न्यायला आले. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी गाठोडी बांधून झाली होती, तिनं मला बोलावणं पाठवलं. मी पिठाच्या हातानंच गेले. मंडळी माळेला बसली होती, शेवटचा भाग तेवढा राहिला होता.

"पोरी, लुक्याचे मनी तू ठेव," ती म्हणाली. "भुसावळले नातवंडं हायत, तिथं लोकाची कमी नाही. पन लुक्या इथून गेला. आला तं इथंच येईन. आपली जागा कोनी राखलीच नाही, असं वाटाले नोको त्याले. आला की त्याचे त्याले देऊन टाकजो."

मी खाली बसले. शब्द पाठ होते, पण मला एकच चाल ठाऊक होती. तोंड उघडलं आणि सुसाट सुटले. अर्धे शब्द गिळत, श्वास न घेता, दहाही मणी. थांबले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. मोठ्या मायनं न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले. "हळू म्हन, बापा. देव का कुठं पळून राहिला?"

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "झाले न माय. येक बी मनी नाही सोडला."

मला रडू फुटलं. ती मात्र हसली, किती वर्षांनी! माझ्या पिठाच्या हातावरून हात फिरवत कितीतरी वेळ हसत राहिली.

दुसऱ्याच वर्षी भुसावळहून ती गेल्याचं पत्र आलं. लुकसचं काहीच आलं नाही. तिच्या घराच्या जागी आता सरकीचं गोदाम आहे. मला तिची आठवण येते, फार येते. कडक ऊन पडलं की हटकून येते. माळ माझ्याजवळ नाही. तुळशीपुढं दिवा लावते, मग भिंतीशी बसून बोटांच्या पेरांवर लुकसचे दहा म्हणते, त्याच्याच चालीत, सुसाट. संपले की जरा थांबते, भिंतीकडे कान देऊन. पलीकडून कोणी रागावत नाही. तरी मी आपलं सांगून टाकते, झाले न माय, येक बी मनी नाही सोडला.